सहा सिलिंडरच्या गाडीसाठी एकेरी की दुहेरी एक्झॉस्ट: निवड कशी करावी

सहा सिलिंडरच्या गाडीची एक्झॉस्ट यंत्रणा बदलायची वेळ आली की एक पाइप ठेवावा की दोन, हा प्रश्न हमखास पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा गाडीच्या मागे किती तोंडे शोभून दिसतील यावर ठरते. खरे तर हा निर्णय घेताना आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: इंजिनातून जळक्या वायूचे झोत कोणत्या क्रमाने बाहेर पडतात, पूर्ण ताकदीवर त्या वायूला किती क्षेत्रफळाची वाट लागते, आणि तेवढी वाट गाडीखालून कुठून नेता येते. आवाज ही चौथी गोष्ट; ती शेवटी येत असली तरी रोज कानावर पडणारी तीच असते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेल्या, रोजच्या वापरातील, साधारण २३० अश्वशक्तीपर्यंतच्या सहा सिलिंडर गाडीला योग्य मापाचा एक पाइप पुरतो, फक्त इंजिनाजवळची जोडणी तीन-तीन सिलिंडरांची असावी. दुहेरी यंत्रणेला स्वतःची जागा नक्कीच आहे, पण ती कोणत्या गाडीत, हे पुढील पायऱ्या क्रमाने केल्यावरच कळते.

पहिली पायरी: गाडीखाली आज काय आहे ते पाहा

गाडी सपाट, टणक जमिनीवर उचलावी आणि जॅकच्या भरवशावर न राहता मजबूत स्टँडवर टेकवावी. एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्याखेरीज खाली शिरू नये. मग इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत पाइपचा माग काढावा आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून निघणारा वायू एकत्र करणारा इंजिनावरचा भाग) एक आहे की दोन, दोन पाइप निघत असतील तर ते कुठे एकत्र येतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू कमी करणारा डबा) व ऑक्सिजन सेन्सर (इंधन-मिश्रणावर लक्ष ठेवणारा) किती आणि कुठे आहेत, आणि संपूर्ण वाटेत सर्वांत अरुंद जागा कोणती, हे कागदावर लिहून ठेवावे. पाइपचे माप घेण्यासाठी कॅलिपरची गरज नाही. पाइपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी आणि तिला ३.१४ ने भागावे. घेर २०० मिलिमीटर भरला तर तो अडीच इंची पाइप आहे. सरळ भागाबरोबर बाकांवरही नजर टाकावी. साध्या यंत्रावर दाबून वाकवलेला पाइप बाकावर चपटा होतो आणि तेथील आतले क्षेत्रफळ घटते, तर मँड्रेल बेंडिंगने, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेल्या पाइपचा गोलवा बाकावरही बहुतांशी टिकतो. सरळ भागात अडीच इंच असलेला पाइप बाकावर सव्वादोन इंचाइतकाच वायू जाऊ देत असेल, तर त्या यंत्रणेचे खरे माप सव्वादोनच समजावे.

या पाहणीत नवख्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. मागे दोन तोंडे दिसतात म्हणजे एक्झॉस्ट दुहेरी असतोच असे नाही. निसान ३५०झेड या व्ही-सिक्स गाडीत (व्ही आकारात तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगा) दोन्ही रांगांतून निघालेले पाइप मधे एकत्र येतात, पुढचा प्रवास एकाच पाइपमधून होतो आणि शेवटच्या मफलरमधून पुन्हा दोन तोंडे बाहेर पडतात. ही मांडणी वाईट नाही, मात्र तिला एकेरी एक्झॉस्ट म्हटले पाहिजे. उलट १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर इनलाइन-सिक्स (सहाही सिलिंडर एका रांगेत) इंजिनाला पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांसाठी वेगळे पाइप होते आणि ते शेजारी-शेजारी थेट मागपर्यंत जात. खरा दुहेरी एक्झॉस्ट तो.

दुसरी पायरी: झोतांचा क्रम समजून घ्या

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत एकदा पेटतो. सिलिंडर सहा असल्याने सम अंतराने पेटणाऱ्या इंजिनातून दर १२० अंशांनी एक झोत बाहेर पडतो. नेहमीच्या वापरातील कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण २४० अंशांच्या आसपास उघडा राहतो. त्यामुळे सहाही सिलिंडर एकाच आखूड मॅनिफोल्डमध्ये मोकळे होत असतील, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिटण्याआधीच दुसऱ्याचा जोरदार झोत त्याच पोकळीत येऊन आदळतो आणि पहिल्याच्या रिकामे होण्यात अडथळा आणतो.

आता इनलाइन-सिक्स इंजिनाचा प्रचलित फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, पाहा: १-५-३-६-२-४. यात पुढच्या तीन सिलिंडरांपैकी एक, मग मागच्या तिघांपैकी एक, असे आळीपाळीने पेटतात. म्हणून १-२-३ चा एक गट आणि ४-५-६ चा दुसरा गट केला, की प्रत्येक गटात झोतांमधले अंतर बरोबर २४० अंशांचे होते आणि एकाच गटातील सिलिंडर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एवढेच नव्हे, तर नळीची लांबी जुळली की पुढे धावणाऱ्या झोतामागे निर्माण होणारा कमी दाब, त्याच वेळी मिटत असलेल्या शेजारच्या सिलिंडरातील उरलासुरला वायू बाहेर ओढतो. यालाच स्कॅव्हेंजिंग म्हणतात. बहुतेक व्ही-सिक्स इंजिनांत दोन्ही रांगा आळीपाळीने पेटतात, त्यामुळे तिथे ही विभागणी इंजिनाच्या रचनेतच झालेली असते, समोरासमोर आडव्या दोन रांगांच्या फ्लॅट-सिक्सचेही तसेच.

यातून निघणारा निष्कर्ष या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. तीन-तीनच्या विभागणीचा लाभ इंजिनाजवळच्या नळ्यांत मिळतो. मॅनिफोल्ड किंवा हेडर (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असलेला मॅनिफोल्ड) तीन-तीनचे करून, त्यातून निघालेले दोन पाइप पुरेसे अंतर स्वतंत्र नेऊन मग एका पाइपात जोडले, तर त्या लाभाचा मोठा भाग पदरात पडतो आणि मागचे दोन मफलर, दोन शेपट्या आणि त्यांचे वजन टळते. म्हणून पुढे दोन, मागे एक ही मांडणी मला रोजच्या गाडीसाठी सर्वांत समंजस वाटते.

व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) गाड्यांसाठी दिलेला सल्ला इथे उचलू नये, हेही याच हिशेबावरून कळते. नेहमीच्या, क्रॉसप्लेन नावाच्या क्रँकच्या व्ही-एटमध्ये एकाच रांगेतील दोन सिलिंडर ९० अंशांच्या अंतराने लागोपाठ मोकळे होतात, म्हणून तिथे दोन्ही पाइपांना जोडणारा क्रॉसओव्हर दाबाचा समतोल साधण्यासाठी फार उपयोगी पडतो. सहा सिलिंडरच्या प्रत्येक गटात झोत मुळातच समान अंतराने येतात. त्यामुळे क्रॉसओव्हरची ताकदीतील भर तुलनेने कमी असते. आवाजावर मात्र त्याचा परिणाम स्पष्ट जाणवतो.

तिसरी पायरी: सध्याचा अडथळा मोजा

“इंजिनाला थोडे बॅकप्रेशर लागतेच” हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. ते चुकीचे आहे. बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा विरोध, इंजिनाला कधीच मदत करत नाही, कारण तो विरोध मोडून वायू ढकलण्याचे काम पिस्टनलाच करावे लागते. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग. गरजेपेक्षा फार मोठा पाइप बसवला की वेग कमी होतो, झोतामागची ओढ क्षीण होते आणि खालच्या आरपीएमवरचा (कमी फेऱ्यांवरचा) टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, जातो. लोक त्याचा अर्थ बॅकप्रेशर कमी पडले असा लावतात. दोन मोठे पाइप बसवल्यावर गाडीचा पिकअप मंदावल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांचे मूळ बहुधा इथेच असते.

म्हणून पाइप कापण्याआधी दाब मोजून घ्यावा. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी अडॅप्टरने कमी दाबाचा गेज जोडता येतो. बहुतेक सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे असतात. गेजची नळी गरम भागांपासून दूर ठेवावी. खरा आकडा पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून), वरच्या आरपीएमला मिळतो, म्हणून ही चाचणी डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करावी, किंवा वाहतुकीसाठी बंद असलेल्या जागी, गेज वाचायला दुसरी व्यक्ती सोबत घेऊन. सेन्सर काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेल. सेन्सर परत बसवून कॉम्प्युटरमध्ये नोंदला गेलेला दोषाचा कोड पुसून टाकावा.

दाब दोन पीएसआयच्या (दर चौरस इंचावरील पौंडांच्या) आत असेल, तर यंत्रणा कशीही बदलली तरी ताकदीत फार फरक पडणार नाही. तो चार पीएसआयच्या वर जात असेल, तर अडथळा नक्की कुठे आहे ते शोधावे आणि त्यासाठी कन्व्हर्टरच्या मागेही एकदा मोजावे. पुढे दाब जास्त आणि मागे कमी आला, तर दोष कन्व्हर्टरचा आहे. तो तुंबलेला असताना मागे दुसरा पाइप टाकून काहीही साध्य होत नाही.

चौथी पायरी: क्षेत्रफळाचा हिशेब करा

इथे एक जुना, ढोबळ पण कामाचा नियम वापरता येतो. इंजिन एका अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे २.२ घनफूट हवा घेते, आणि सरळ पाइपच्या दर चौरस इंचातून मिनिटाला सुमारे ११५ घनफूट वायू फारसा अडथळा न होता जातो. म्हणजे एका चौरस इंचामागे साधारण ५२ अश्वशक्ती. पाइपचे माप बाहेरच्या व्यासाने सांगितले जाते हे लक्षात ठेवून १६ गेजच्या पाइपाची, म्हणजे सुमारे १.६५ मिलिमीटर जाडीची वजावट करावी लागते. ती केल्यावर सव्वादोन इंची एक पाइप सुमारे १८५ अश्वशक्तीला, अडीच इंची सुमारे २३० ला आणि तीन इंची सुमारे ३३८ ला पुरतो. दोन इंची दोन पाइप मिळून सुमारे २८७ अश्वशक्ती पेलतात, तर सव्वादोन इंची दोन पाइप ३६९ च्या आसपास.

हे आकडे काय सांगतात ते नीट पाहावे. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला सव्वादोन इंची दोन पाइप लावणे म्हणजे गरजेच्या दुप्पट क्षेत्रफळ देणे होय, आणि त्याची किंमत वायूच्या वेगात मोजावी लागते. एवढ्या इंजिनाला दुहेरी यंत्रणा हवीच असेल, तर पाइप पावणेदोन इंचाच्या आसपासचेच निवडावेत. एका पाइपाइतके क्षेत्रफळ दोन पाइपांत हवे असल्यास एकाचा व्यास १.४१ ने भागावा. अडीच इंची एकाच्या जागी जवळपास पावणेदोन इंची दोन येतात. मात्र समान क्षेत्रफळाच्या दोन लहान नळ्यांची आतली भिंत एका मोठ्या नळीपेक्षा जास्त असते, त्यामुळे घर्षण थोडे वाढते आणि वायू लवकर थंड होतो.

टर्बो असलेल्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. टर्बाइनमधून बाहेर पडताना झोतांचा जोर बराचसा मोडलेला असतो, त्यामुळे टर्बोच्या मागे स्कॅव्हेंजिंगची चिंता करण्याचे कारण नाही. तिथे अडथळा जितका कमी तितके चांगले. एक टर्बो असेल तर एक मोठा पाइप हाच सरळ मार्ग. दोन टर्बो आहेत म्हणून दोन पाइप हवेतच असेही नाही: १९८९ साली आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाला दोन टर्बो होते, आणि तरीही पुढे दोन्हींचा वायू एकत्र येऊन एकाच पाइपातून मागे जात असे.

पाचवी पायरी: जागा, वजन आणि ओलावा

कागदावर निवडलेली यंत्रणा गाडीखाली बसते का, हे आता पाहायचे. अनेक गाड्यांत फ्लोअरखालचा बोगदा एकाच पाइपासाठी बनवलेला असतो; दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल किंवा स्टेपनीची खोबण असते. दुसरा पाइप यांपैकी कशाच्याही जवळून न्यावा लागत असेल आणि मधे हीट शील्डला जागा उरत नसेल, तर दुहेरीचा विचार तिथेच सोडून द्यावा. याबाबत तडजोड नको. पाइप आणि आसपासच्या भागांत निदान एक इंच मोकळी जागा असावी, आणि इंधनाच्या किंवा ब्रेकच्या नळ्यांजवळ त्याहून पुष्कळ जास्त.

दुहेरीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा याच पायरीवर येतो. तीन इंची एक पाइप दोन इंची पाइपापेक्षा एक इंच खाली लोंबतो. इंजिनाची ताकद २८० अश्वशक्तीच्या आसपास आहे, गाडी मुळात जमिनीलगत आहे आणि दोन्ही बाजूंना जागा आहे, अशा वेळी दोन इंची दोन पाइप हाच चांगला उपाय ठरतो. व्ही-सिक्समध्ये तर पाइप दोन बाजूंनीच खाली उतरत असल्याने ही मांडणी अधिक सुटसुटीत बसते.

वजनाचा हिशेब थोडक्यात असा. अडीच इंची, १६ गेजचा पोलादी पाइप मीटरला सुमारे अडीच किलो भरतो, तर दोन इंची दोन पाइप मिळून मीटरला चार किलो. तीन मीटर लांबीत साडेचार किलोंचा फरक पडतो, आणि दुसरा मफलर, हँगर व क्लॅम्प वेगळे.

ओलाव्याकडे मात्र फारच थोडे लोक लक्ष देतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. एक्झॉस्ट तापलेला असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड असेल तर मफलरमध्ये साचते आणि त्याला आतून गंज चढतो. दुहेरी यंत्रणेत प्रत्येक पाइपातून निम्माच वायू जातो आणि तापवायचा धातू जास्त असतो, त्यामुळे मागचे मफलर उशिरा तापतात. रोजचा प्रवास पाच-दहा मिनिटांचा असेल, तर दुहेरी यंत्रणा साध्या पोलादात करू नये. अॅल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद बरे. ४०९ प्रतीच्या स्टेनलेसवर वरवर तांबूस गंज दिसला तरी ते टिकते, आणि ३०४ प्रत सर्वांत गंजरोधक पण महाग असते. तळाशी असलेले पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र मफलरला असेल तर ते बुजवू नये.

सहावी पायरी: आवाज

सहा सिलिंडरचे इंजिन क्रँकच्या एका फेरीत तीन झोत सोडते. म्हणून ३,००० आरपीएमला एकेरी पाइपातल्या आवाजाची मूळ वारंवारता १५० हर्ट्झ असते. कुठेही न जोडलेल्या दुहेरी यंत्रणेत प्रत्येक पाइपाच्या वाट्याला निम्मे झोत येतात आणि ती ७५ हर्ट्झवर उतरते. तीन सिलिंडरची दोन इंजिने शेजारी चालू असावीत तसा हा आवाज जाडसर आणि खरखरीत असतो. काहींना तो मनापासून आवडतो. इनलाइन-सिक्सचा तो सलग, रेशमी सूर हवा असेल, तर दोन्ही पाइप कुठेतरी एकत्र आलेच पाहिजेत: पूर्ण एकत्र, किंवा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराच्या जोडणीत. एच आकाराची जोडणी आवाजाचा जाडपणा बराचसा कायम ठेवून त्याची तीक्ष्ण कड घालवते.

गाडीत बसून होणारा खरा त्रास म्हणजे हायवेवरची सततची घुमघुम. गाडी नेहमीच्या वेगात २,००० आरपीएमवर चालत असेल, तर एकेरी पाइपात १०० हर्ट्झचा आणि न जोडलेल्या दुहेरीत ५० हर्ट्झचा सूर निर्माण होतो, आणि केबिनचे पत्रे या पट्ट्यात सहज थरथरतात. यावर मुख्य पाइपाला जोडलेली, दुसरे टोक बंद असलेली शाखा हा चांगला उपाय आहे. १०० हर्ट्झसाठी तिची लांबी एक मीटरच्या आसपास येते. ५० हर्ट्झसाठी ती दुप्पट होते आणि बहुतेक गाड्यांखाली तेवढी जागा नसते, म्हणूनही न जोडलेली दुहेरी यंत्रणा मी लांबच्या प्रवासाच्या गाडीला सुचवत नाही. शक्य असल्यास तशीच यंत्रणा बसवलेल्या, तेच इंजिन असलेल्या गाडीत अर्धा तास बसून पाहावे. उभ्या गाडीत थ्रॉटल दाबून ऐकलेल्या आवाजावरून काही ठरवू नये.

सातवी पायरी: कन्व्हर्टर, सेन्सर आणि नियम

कन्व्हर्टर काढून टाकणे बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि ते करूही नये. आधुनिक कन्व्हर्टरचा अडथळा मर्यादित असतो. आवाजाची कमाल मर्यादा व यंत्रणेतील बदलांचे नियम काम सुरू करण्याआधीच तपासून घ्यावेत. खऱ्या दुहेरी यंत्रणेत प्रत्येक बाजूला स्वतंत्र कन्व्हर्टर लागतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला एकाच सेन्सर-जोडीची सवय असेल, तर दुसऱ्या बाजूकडे कोणाचेच लक्ष राहत नाही, म्हणजे तिथल्या तीन सिलिंडरांचे इंधन-मिश्रण बिघडले तरी कळत नाही. दोन रांगांचे सेन्सर वेगळे असलेल्या व्ही-सिक्समध्ये जुने कन्व्हर्टर आणि सेन्सर त्यांच्या जागी ठेवून फक्त मागची बाजू बदलणे सर्वांत सोपे पडते. बदलानंतर पी०४२० किंवा पी०४३० हे कोड आले, तर अनुक्रमे पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते आहे असा त्याचा अर्थ. मात्र गळतीमुळेही हे कोड येऊ शकतात, म्हणून आधी सांधे तपासावेत.

कार्बोरेटरच्या जुन्या इनलाइन-सिक्स गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यांपैकी अनेकांत इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टेकलेला असतो आणि त्याच्या उष्णतेवर इंधनाची वाफ होते. विभागलेले हेडर बसवले की ही उष्णता नाहीशी होते, आणि थंड हवेत इंजिन अडखळू लागते. अशा गाडीत रेडिएटरच्या गरम पाण्यावर इनटेक तापवण्याची सोय हेडरसोबतच करून घ्यावी.

आठवी पायरी: बसवणे आणि तपासणे

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि सर्व भाग सैल क्लॅम्पवर टांगून, ठिकठिकाणी फक्त टाके मारून, संपूर्ण मांडणी एकदा पाहून घ्यावी. ३०४ स्टेनलेसचा तीन मीटरचा पाइप ४०० अंश सेल्सिअसने तापला की सुमारे २० मिलिमीटर लांब होतो. रबरी हँगर या हालचालीला मोकळीक देतील अशा जागी हवेत. दुहेरी यंत्रणेत दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत, त्यामुळे दोघांना जोडणारा क्रॉसओव्हर दोन्ही टोकांना पक्का वेल्ड केला तर तिथे तडा जातो. एका बाजूला सरकता सांधा ठेवावा.

गाडी सुरू करून, इंजिन थंड असतानाच, प्रत्येक सांध्याजवळ साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे दिसतात का पाहावे. पहिल्या सेन्सरच्या आधीची बारीक गळतीही बाहेरची हवा आत खेचते, सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो आणि कॉम्प्युटर विनाकारण जास्त इंधन सोडू लागतो. पाइपाचे तोंड गाडीच्या पत्र्याबाहेर आलेच पाहिजे. ते आत राहिले तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड फटींतून केबिनमध्ये शिरू शकतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या फेऱ्यांनंतर यंत्रणा थंड होऊ द्यावी, क्लॅम्प व फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळावेत, पाइप कुठे घासल्याची चमक दिसते का ते पाहावे आणि तिसऱ्या पायरीतील दाबाची चाचणी त्याच आरपीएमवर पुन्हा करून दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवावेत.